यादीत नाव आलं नाही म्हणून काय झालं?

तुमच्या घरात खेळणारं मूल आहे का? असेल, तर पुढचं चित्र तुम्हाला वेगळं सांगायला नको. पहाटे पाचचा गजर, दुधाचा पेला अर्धा टाकून पळणारा मुलगा, दोरीवर वाळत घातलेली पांढरी पँट, तिच्या गुडघ्यावरचा कितीही घासला तरी न निघणारा गवताचा डाग, आणि बॅटची किंमत ऐकून दोन मिनिटं गप्प झालेले घरचे कर्ते पुरुष! कुरकुरत का होईना, आपण हे सगळं करतो. कारण मनाच्या कोपऱ्यात एक आशा असते. एक दिवस वर्तमानपत्रात भारताच्या संघाची यादी छापून येईल आणि तिच्यात आपलं आडनाव असेल.

आणि नसलं तर?

हा प्रश्न आपण सहसा तोंडावर आणत नाही. अपशकुन वाटतो. पण भगिनींनो, खेळणाऱ्या मुलांच्या शेकडो घरांपैकी जवळजवळ सगळ्या घरांना कधी ना कधी याच प्रश्नाला तोंड द्यावं लागतं. म्हणून आज जरा अशा खेळाडूंविषयी बोलू या, ज्यांनी वीस-वीस वर्षं उत्तम खेळ केला, पण भारताच्या संघाचा कोट ज्यांच्या अंगावर कधी चढला नाही. त्यांचं आयुष्य वाया गेलं का? मला वाटतं, नाही. पण तुम्ही स्वतःच वाचा आणि ठरवा.

आंधळगावपासून नागपूरपर्यंत

भंडारा जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यात आंधळगाव नावाचं गाव आहे. कोशाच्या कापडासाठी ते त्या मुलखात ओळखलं जातं. कोशाचं एक पातळ तयार व्हायचं म्हणजे किती हात लागतात! कोणी कोष उकळायचे, कोणी त्यातून सूत काढायचं, कोणी ताणा लावायचा, कोणी मागावर बसायचं. तेच पातळ शहरातल्या दुकानात काचेमागे लागतं तेव्हा त्यावर दुकानाचं नाव असतं, सूत काढणाऱ्या बाईचं नसतं. म्हणून तिचं सूत हलक्या प्रतीचं ठरतं का हो?

आता समजा, याच आंधळगावातला एखादा मुलगा क्रिकेट चांगलं खेळतो. त्याची वाट कशी असते? आधी शाळेचं मैदान आणि रबरी चेंडू. मग तालुका, मग भंडाऱ्याला जिल्ह्याची निवड, आणि तिथून साठएक किलोमीटरवरचं नागपूर. विदर्भाच्या अकराही जिल्ह्यांतली मुलं शेवटी विदर्भ क्रिकेट असोसिएशनच्या चाळणीतून जातात. सोळा वर्षांखालच्या मुलांसाठी विजय मर्चंट करंडक, एकोणीस वर्षांखालच्यांसाठी कूचबिहार करंडक, तेवीस वर्षांखालच्यांसाठी कर्नल सी. के. नायडू करंडक, आणि सर्वांत वर रणजी करंडक. प्रत्येक पायरीवर मुलं गळत जातात. गहू चाळताना वर उरतात त्या दाण्यांसारखे थोडेच पुढे जातात.

रणजी करंडक म्हणजे काय, हे आपल्यापैकी ज्यांना नवऱ्याच्या रेडिओमुळे नाइलाजानं कळलं असेल त्यांना कळलंच असेल. बाकीच्यांसाठी सांगते. ही राज्याराज्यांच्या संघांमधली स्पर्धा १९३४-३५ पासून चालू आहे. साखळीतला एकेक सामना चार दिवसांचा. अलीकडच्या मोसमांत तिच्यात ३८ संघ उतरले. प्रत्येक संघात पंधरा जण धरले तरी साडेपाचशेच्या वर खेळाडू होतात. आणि भारताच्या संघात जागा किती? अकरा! त्यातल्या सात-आठ जागा वर्षानुवर्षं भरलेल्या. एवढा हिशेब आपण भाजीवालीशी करतो तितक्या काटेकोरपणे केला, तर कळेल की रणजी खेळणं हीच मुळी फार मोठी गोष्ट आहे, आणि त्याच्या वरचं दार बहुतेकांसाठी बंदच राहणार असतं.

दारात उभा राहिलेला गोलंदाज

पद्माकर शिवलकर हे नाव मुंबईच्या शिवाजी पार्कात आजही आदरानं घेतलं जातं. जन्म १४ एप्रिल १९४०. डावखुरे फिरकी गोलंदाज. प्रथम श्रेणीच्या १२४ सामन्यांत त्यांनी ५८९ बळी घेतले, तेही सरासरी वीसपेक्षा कमी धावा देऊन. क्रिकेटमध्ये फार थोड्या गोलंदाजांना असा हिशेब जमतो. आणि तरीही ते भारताकडून एकही कसोटी खेळले नाहीत.

का? त्यांचा खेळ कमी पडला म्हणून नव्हे. त्याच काळात, त्याच हातानं, त्याच पद्धतीची गोलंदाजी करणारे बिशनसिंग बेदी भारताच्या संघात होते. बेदी १९६६ च्या अखेरीपासून १९७९ पर्यंत ६७ कसोट्या खेळले. घरात एकच देवघर असतं, दोन नसतात, तशी संघात डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाची जागा एकच होती. हरियाणाच्या राजिंदर गोयल यांची गतही तीच. रणजी करंडकात सहाशेहून अधिक बळी घेऊन तेही कसोटीवाचून राहिले. १९७४ मध्ये बंगळूरच्या कसोटीला बेदी नव्हते, गोयल यांचं नाव संघात आलं, आणि सामन्याच्या सकाळी अकरा जणांतून वगळलं गेलं. त्या सकाळी त्यांच्या घरच्यांना काय वाटलं असेल, ते तुम्हा-आम्हाला कळतं.

शिवलकरांचा १९७२-७३ चा रणजी अंतिम सामना ऐका. चेन्नईच्या चेपॉक मैदानावर मुंबई विरुद्ध तामिळनाडू. खेळपट्टी अशी की फलंदाज उभा राहीना. मुंबईच्या धावा १५१ आणि ११३. पण शिवलकरांनी पहिल्या डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्या डावात १८ धावांत ५ गडी बाद केले. तामिळनाडूचे दोन्ही डाव ८० आणि ६१ धावांत आटोपले. पाच दिवसांचा सामना तिसऱ्या दिवशी पहिल्याच चेंडूवर संपला! मुंबईचं ते सलग पंधरावं विजेतेपद. त्या पंधरा वर्षांची कथा सांगताना शिवलकरांचं नाव गाळून पुढे जाताच येत नाही.

खेळ थांबवल्यावर काही वर्षांनी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, मुंबईला गरज पडली तेव्हा ते पुन्हा रणजी खेळायला उतरले. सत्तेचाळीस! आपल्याकडे त्या वयाचे पुरुष जिना चढताना कठड्याला हात लावतात. त्यांचा गळाही गोड होता, ते गात. आपल्या आत्मचरित्राला त्यांनी नाव दिलं ‘हा चेंडू दैवगतीचा’. नावातच सगळं आलं, नाही का? सुनील गावसकरांनी आपल्या आवडत्या खेळाडूंवर ‘आयडॉल्स’ हे पुस्तक लिहिलं, त्यात शिवलकर आणि गोयल या दोघांना मानाची पानं दिली. २०१७ मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळानं दोघांनाही सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला. मधल्या काळात शिवलकर शिवाजी पार्क जिमखान्यावर मुलांना गोलंदाजी शिकवत राहिले. ३ मार्च २०२५ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी ते गेले, तेव्हा कसोटी खेळलेल्या मोठमोठ्या खेळाडूंनी त्यांना गुरुस्थानी मानून निरोप दिला.

विदर्भाचा इंजिनियर

त्याच १९७२-७३ च्या अंतिम सामन्यात तामिळनाडूच्या कल्याणसुंदरम यांनी लागोपाठच्या तीन चेंडूंवर तीन गडी बाद केले होते. रणजीच्या अंतिम सामन्यात अशी हॅटट्रिक पुन्हा व्हायला २०१७ चा डिसेंबर उजाडावा लागला. आणि ती कोणी केली? आपल्या विदर्भाच्या रजनीश गुरबानीनं!

हा मुलगा सिव्हिल इंजिनियर. पदवी घेतली आणि गोलंदाजीही सोडली नाही. विदर्भाचा संघ म्हणजे तेव्हा दुबळ्यांत जमा. साठ वर्षं रणजी खेळूनही एकदासुद्धा अंतिम सामना पाहिलेला नव्हता. कप्तान फैज फजल, प्रशिक्षक चंद्रकांत पंडित, आणि मुंबईहून आलेला अनुभवी वसीम जाफर. उपांत्य सामन्यात कोलकात्याला कर्नाटकाशी गाठ पडली. शेवटच्या डावात गुरबानीनं सात गडी बाद केले आणि विदर्भ अवघ्या ५ धावांनी जिंकला. पुढे इंदूरला दिल्लीविरुद्ध हॅटट्रिकसह सहा बळी. १ जानेवारी २०१८ रोजी विदर्भानं पहिल्यांदा रणजी करंडक उचलला. गुरबानीचे त्या मोसमात ३९ बळी झाले होते.

एवढं करूनही त्यानंतरच्या वर्षांत भारताच्या संघात त्याचं नाव आलं नाही. पण विदर्भाचं काय झालं ते पाहा. पुढच्याच वर्षी, २०१८-१९ मध्ये, नागपुरात सौराष्ट्राला हरवून पुन्हा करंडक. २०२४-२५ मध्ये केरळविरुद्ध तिसऱ्यांदा. भंडाऱ्या-गोंदियाच्या पोरांना पूर्वी वाटे की क्रिकेट म्हणजे मुंबईकरांचा खेळ. आता तसं वाटत नाही. एका मुलाचं नाव वरच्या यादीत आलं नाही, पण त्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी अकरा जिल्ह्यांतल्या मुलांसाठी वाट रुळवली. घरात थोरल्या मुलानं मॅट्रिकचा उंबरठा ओलांडला की धाकटी भावंडं आपोआप पुढे शिकतात, तसंच आहे हे.

पॅड बांधून बसलेला मुलगा

आता अमोल मुजुमदारची गोष्ट. ही तुम्ही २०२५ च्या नोव्हेंबरात थोडीफार ऐकली असेल, पण सुरुवातीपासून सांगते.

फेब्रुवारी १९८८. मुंबईचं आझाद मैदान. हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेत शारदाश्रम शाळेची दोन पोरं फलंदाजीला उतरली, सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी. दोघांनी मिळून नाबाद ६६४ धावांची भागी केली, सचिनच्या ३२६ आणि विनोदच्या ३४९. सगळ्या जगानं ती बातमी वाचली. पण त्यांच्यानंतर फलंदाजीला जायचा नंबर ज्याचा होता, तो तेरा वर्षांचा मुलगा पायाला पॅड बांधून जवळजवळ दोन दिवस तंबूत बसून होता. गडी बादच झाला नाही, त्याला बॅटिंग मिळालीच नाही. तो अमोल. रमाकांत आचरेकर सरांचाच शिष्य.

पुढे १९९४ च्या फेब्रुवारीत त्याला मुंबईकडून पहिला रणजी सामना मिळाला, फरिदाबादला, हरियाणाविरुद्ध. एकोणीस वर्षांच्या या पोरानं पदार्पणातच २६० धावा केल्या. प्रथम श्रेणीच्या पदार्पणात इतक्या धावा तोवर जगात कोणी केल्या नव्हत्या. तो विक्रम २०१८ पर्यंत टिकला. लोक म्हणू लागले, हा दुसरा तेंडुलकर. पण मधल्या फळीत तेंडुलकर होताच. मग द्रविड आला, गांगुली आला, लक्ष्मण आला. अमोल वाट पाहत राहिला आणि धावा करत राहिला. वीस वर्षांत १७१ सामने, ११,१६७ धावा, ३० शतकं. भारताकडून सामने शून्य.

यात दोन गोष्टी मला फार महत्त्वाच्या वाटतात. एक म्हणजे २००६-०७ चा मोसम. अमोल मुंबईचा कप्तान होता. सुरुवातीला संघ पार तळाला गेला. उपांत्य सामन्यात बडोद्याविरुद्ध दुसऱ्या डावात धावफलकावर शून्य धावा आणि पाच गडी बाद! तिथून मुंबई तो सामना जिंकली आणि पुढे करंडकही. शून्यावर पाच बाद असताना तंबूत शांत कसं बसायचं, हे त्याला ठाऊक होतं.

दुसरी गोष्ट २००९ ची. मुंबईच्या संघात जागा उरली नाही असं दिसलं, तेव्हा चौतिसाव्या वर्षी तो आसामकडून खेळायला गेला. रणजीत बाहेरच्या राज्याचे मोजके व्यावसायिक खेळाडू घ्यायची मुभा असते. पुढे आंध्रकडूनही खेळला. विचार करा, मुंबईचा कप्तान राहिलेला माणूस, वानखेडेची सवय असलेला, आता गुवाहाटीच्या आणि आंध्रातल्या रिकाम्या बाकांसमोर खेळतोय, विशीतल्या पोरांना स्टान्स शिकवतोय. सासरी मान असलेल्या सुनेला उतारवयात दुसऱ्या गावी नव्यानं बिऱ्हाड थाटावं लागलं तर कसं वाटेल? २०१४ मध्ये त्यानं बॅट खाली ठेवली.

त्यानंतर शिकवणं सुरू झालं. दक्षिण आफ्रिकेचा संघ २०१९ मध्ये भारतात आला तेव्हा त्यांना फलंदाजी शिकवायला अमोल होता. मग मुंबईचा प्रशिक्षक. आणि २०२३ च्या ऑक्टोबरात भारताच्या महिला संघाचा मुख्य प्रशिक्षक. जो स्वतः भारताकडून खेळला नाही तो काय शिकवणार, असं तेव्हा म्हणणारे होतेच.

२०२५ च्या विश्वचषकात आपल्या मुली साखळीत लागोपाठ तीन सामने हरल्या. दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड. घराघरांत टीव्ही बंद झाले. मग ३० ऑक्टोबरला नवी मुंबईत ऑस्ट्रेलियाविरुद्ध उपांत्य सामना. ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावा! जेमिमा रॉड्रिग्जनं नाबाद १२७ काढल्या आणि मुली जिंकल्या. २ नोव्हेंबरला त्याच मैदानावर दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक आपला झाला. शफाली वर्माच्या ८७ धावा, दीप्ती शर्माच्या ५८ धावा आणि पाच बळी. सांगलीची स्मृती मानधना त्या संघाची उपकप्तान. आणि सामना संपताच कप्तान हरमनप्रीत कौरनं काय केलं? सरळ जाऊन प्रशिक्षकांच्या पायाला हात लावला.

गोष्ट गोड झाली खरी. पण मैत्रिणींनो, इथं एक धोका आहे बरं का. ‘बघा, वाट पाहिली की फळ मिळतंच,’ असा याचा अर्थ काढू नका. शिवलकरांना विश्वचषक मिळाला नाही, गोयल यांनाही नाही, आणि ज्यांची नावं आपण कधी ऐकणारच नाही अशा हजारोंना काहीच मिळालं नाही. अमोल मुजुमदारच्या ११,१६७ धावा २ नोव्हेंबरच्या आधीही ११,१६७ च होत्या. चषक मिळाल्यानं त्यांची किंमत वाढली नाही. ती आपल्याला उशिरा दिसली, एवढंच.

खालच्या पायरीवरचा संसार

आता जरा संसाराचं बोलू. शिवलकरांच्या काळी रणजी सामन्याचा भत्ता इतका तुटपुंजा होता की त्यावर घर चालणं शक्यच नव्हतं. बँका, रेल्वे, टाटा-मफतलालसारख्या कंपन्या खेळाडूंना नोकरी देत. म्हणून घर चालायचं. मोसम ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत, म्हणजे दिवाळीही त्यात, लग्नसराईही त्यात. नणंदेच्या लग्नात नवरा राजकोटला, मुलाच्या तापात नवरा बडोद्याला! या बायकांनी काय काय एकटीनं निभावलं असेल, त्याचा धावफलक कुठेच नाही.

बायका स्वतः खेळू लागल्या तेव्हा तर हालांना पारावार नव्हता. महिलांची पहिली आंतरराज्य राष्ट्रीय स्पर्धा १९७३ च्या एप्रिलमध्ये आपल्या पुण्यात भरली. संघ किती? तीन. मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. त्या काळच्या मुली आरक्षण नसलेल्या डब्यातून प्रवास करत, वसतिगृहात जमिनीवर झोपत. पुण्याची शुभांगी कुलकर्णी, मुंबईची डायना एडुलजी यांच्यासारख्या पुढे भारताकडून खेळल्या. बाकीच्या बहुतेकजणी आपापल्या नोकरीला, चुलीला परतल्या. पण त्या तीन संघांवाचून २०२५ चा चषक आला नसता.

पैशाचं मान आता पुष्कळ सुधारलं आहे. २०२१ मध्ये मंडळानं चाळीसहून अधिक सामने खेळलेल्या रणजी खेळाडूला सामन्याच्या दिवसाला ६०,००० रुपये ठरवले. वरिष्ठ महिलांना मात्र तेव्हा २०,००० च. २०२५ च्या डिसेंबरात देशांतर्गत सामने खेळणाऱ्या वरिष्ठ महिलांचं मानधन दिवसाला ५०,००० वर नेलं. जुन्या प्रथम श्रेणी खेळाडूंचं दरमहा १५,००० चं निवृत्तिवेतन २०२२ मध्ये ३०,००० झालं. पण लक्षात ठेवा, हे पैसे खेळल्या दिवसांचे. पाय मुरगळला, संघातून वगळलं, की मिळकत थांबली.

आणि हे आपल्याकडेच आहे असं नाही. अमेरिकेत बेसबॉल हा त्यांचा लाडका खेळ. त्यांच्या मोठ्या लीगमध्ये ३० संघ, आणि प्रत्येक मोठ्या संघाच्या हाताखाली चार पायऱ्यांचे चार, असे १२० लहान संघ. त्याला मायनर लीग म्हणतात. हजारो पोरं तिथे बसमधून रात्र-रात्र प्रवास करत खेळतात आणि त्यातली बरीचशी वर कधीच पोचत नाहीत. उत्तर प्रदेशातली रिंकू सिंग आणि दिनेश पटेल ही भालाफेक करणारी दोन मुलं २००८ मध्ये एका स्पर्धेतून निवडली जाऊन पिट्सबर्गच्या संघाकडे गेली, तीही याच खालच्या पायऱ्यांवर खेळली.

पण आपल्यासाठी यातली खरी मजेची गोष्ट वेगळीच. त्या पोरांचा पगार इतका कमी असे की त्यांना घरभाडं परवडत नसे. म्हणून गावोगावच्या घरांत त्यांची सोय होई. गावातली एखादी बाई आपल्या घरची रिकामी खोली त्या परक्या पोराला देई, जेवू घाली, त्याचे मळके कपडे धुऊन देई आणि संध्याकाळी मैदानावर जाऊन त्याच्यासाठी टाळ्या वाजवी. २०२२ पासून क्लबांनीच राहण्याची सोय करायची असं ठरलं, आणि २०२३ मध्ये सर्वांत वरच्या पायरीवरच्या खेळाडूचा वर्षाचा किमान पगार १७,५०० डॉलरवरून ३५,८०० डॉलरवर गेला. पण कितीतरी वर्षं तो सगळा खेळ गावातल्या बायकांच्या स्वयंपाकघरावर उभा होता!

मग घरच्यांनी काय करायचं?

शेवटी आपल्या घराकडे येऊ. तुमचा मुलगा किंवा मुलगी खेळत असेल, तर या थोड्या गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली गोष्ट शिक्षणाची. गुरबानीनं इंजिनियरची पदवी घेऊन रणजी गाजवली. ‘खेळ की अभ्यास’ अशी मुलाची कोंडी करू नका. परीक्षा आणि सामना एकाच दिवशी आले तर शाळेशी आधीच जाऊन बोला. पदवी हातात असलेला खेळाडू निवड न झाल्याच्या रात्रीही झोपू शकतो.

दुसरी पैशाची. मुलाच्या बॅटसाठी थोडी काटकसर करा, पण दागिने गहाण टाकू नका. आणि ‘इतके पैसे द्या, निवड करून देतो,’ असं सांगणारा कोणी भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवा. निवड संघटनेच्या चाचणीतून आणि सामन्यांतल्या कामगिरीवर होते. पैसे मागणारा माणूस निवड करून देत नाही.

तिसरी वेळेची. एकोणीस आणि तेवीस ही दोन वयं लक्षात ठेवा. या दोन वर्षांत वयोगटाच्या पायऱ्या संपतात. तेव्हा मुलाला समोर बसवून, त्याचे वडील आणि त्याचा शिक्षक यांच्यासह, शांतपणे बोला. पुढे किती वर्षं, कोणत्या पायरीपर्यंत, आणि सोबत काय. पंच, गुणलेखक, प्रशिक्षक, खेळपट्टी तयार करणारा, खेळात राहायच्या कितीतरी वाटा आहेत, आणि त्या सगळ्या मानाच्या आहेत. पण निर्णय त्याचा असू द्या. आपण फक्त दिवा धरायचा.

चौथी गोष्ट सर्वांत अवघड. ज्या दिवशी यादी लागेल आणि तिच्यात त्याचं नाव नसेल, त्या दिवशी घरात काय करायचं? काही करायचं नाही. नेहमीचा स्वयंपाक करायचा. त्याला आवडणारी भाजी मुद्दाम केली तर त्याला कळतं की आई कीव करते आहे. नातेवाइकांना फोन करायचा नाही, निवडणाऱ्यांना शिव्या द्यायच्या नाहीत, आणि शेजारच्या मुलाचं नाव तर मुळीच काढायचं नाही. तो बोलला तर ऐकायचं. नाही बोलला तर त्याच्या शेजारी बसून लसूण सोलायचा.

आणि शेवटची गोष्ट म्हणजे खेळ समजून घ्या. आपण बहुतेकजणी मुलाला दोनच प्रश्न विचारतो, ‘जिंकलात का?’ आणि ‘तुझी निवड झाली का?’ हे दोन्ही प्रश्न दुसऱ्यांच्या हातातले. जे त्याच्या हातात आहे त्याविषयी विचारा ना. आज चेंडू वळत होता का? कुठल्या बाजूनं टाकलास? तो चौकार कोणत्या चेंडूवर गेला? एकदा विचारून तर पाहा. तो आधी चमकेल, ‘तुला काय कळतं?’ म्हणेल, आणि मग पोळी ताटात तशीच ठेवून अर्धा तास तुम्हाला समजावत बसेल. त्या अर्ध्या तासात त्याच्या डोळ्यांकडे बघा. यादी लागायला अजून अवकाश आहे, पण खेळ त्याला काय देतो आहे, ते तुम्हाला तिथंच दिसेल.